जंतूंचं नाव न काढता: चित्तूरच्या चौदा गावांतला साबणाचा प्रयोग

समाजकार्याचा किंवा सार्वजनिक आरोग्याचा एखादा प्रबंध उघडून बघा. दुसऱ्या प्रकरणात 'सैद्धांतिक चौकट' असा मथळा असतो. खाली दोन-तीन परदेशी अभ्यासकांची नावं आणि चौकोन-बाणांची एक आकृती. तिसऱ्या प्रकरणापासून ती आकृती जी गायब होते, ती थेट तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री आठवते. प्रश्नावली तिच्याआधीच तयार असते, गावं ठरलेली असतात, संस्थेचा उपक्रमही चालू असतो. मार्गदर्शक म्हणाले 'काहीतरी थिअरी टाका', म्हणून सिद्धांत मागाहून चिकटवला जातो.

चौकट म्हणजे लोक असं का वागतात याबद्दलची मांडणी. तिला खरोखर कामाला लावलं तर अभ्यासात काय काय हलतं, हे दाखवायला मला एक उदाहरण फार उपयोगी वाटतं. आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात २०११ आणि २०१२ साली झालेला 'सुपरअम्मा' हा प्रयोग. विषय अगदी रोजचा: शौचाहून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकाला लागण्याआधी आणि जेवणाआधी साबणाने हात धुणं. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनचे संशोधक, बंगळुरूच्या सेंट जॉन्स रिसर्च इन्स्टिट्यूटमधले सहकारी आणि जाहिरात-कथनाची जाण असलेली माणसं असा मिळून गट होता. निष्कर्ष २०१४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आले. या प्रयोगाचं कौतुक भरपूर झालेलं आहे आणि ते बऱ्याच अंशी योग्यही आहे. पण त्यात एक भोक आहे. ते मला यशाइतकंच शिकवणारं वाटतं. त्याकडे शेवटी येतो.

आधीची मोहीम

सुपरअम्मा समजून घ्यायची तर तिच्या आधीचा एक अभ्यास बघावा लागतो. तोही ग्रामीण भारतातला, आणि त्यातले काही संशोधक तेच. साबणाचा प्रसार आणि आरोग्यशिक्षण अशा एका मोहिमेचं मूल्यमापन त्यांनी केलं होतं. ते २००९ साली प्रसिद्ध झालं. मोहिमेचा भर जंतूंवर होता. हात स्वच्छ दिसले तरी त्यांवर जंतू असतात, ते पोटात जातात, पोर आजारी पडतं, म्हणून साबण लावा. आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही हा धडा पाठ असेल.

पाच गावांत मोहीम झाली, पाच गावं तुलनेला ठेवली. निरीक्षक घरात बसून बघत होते, आणि काही घरांत तर साबणाच्या वडीतच हालचाल टिपणारं छोटं यंत्र बसवलेलं होतं. साबण कितीदा उचलला जातो, हे माणसाच्या सांगण्यावर सोडायचं नाही म्हणून.

मोहिमेनंतर जंतूंबद्दलची जाणीव वाढली. 'आम्ही साबणाने हात धुतो' असं सांगणारे लोकही वाढले. प्रत्यक्ष धुणं मात्र होतं तिथेच राहिलं. महत्त्वाच्या वेळी साबण वापरण्याचं प्रमाण सुरुवातीला ६ टक्के होतं, विष्ठेशी संपर्क आल्यानंतर तर २ टक्के. मोहिमेच्या चार आठवड्यांनंतर त्यात दखल घ्यावी असा फरक दिसला नाही. आपल्याकडे याला 'कळतं पण वळत नाही' म्हणतात, आणि बहुतेक आरोग्य कार्यक्रमांचं मूल्यमापन 'कळतं' एवढ्यावरच थांबतं. इथे मोजणाऱ्यांनी 'वळतं का' हेही मोजलं, म्हणून अपयश उघडं पडलं. फक्त प्रश्नावली भरून घेतली असती तर ही मोहीम यशस्वी म्हणून नोंदली गेली असती. असे किती अहवाल आपल्या कपाटांत असतील कोण जाणे.

या मोहिमेला सिद्धांत नव्हता असं म्हणणं चुकीचं होईल. सिद्धांत होता, फक्त कुणी तो लिहून काढला नव्हता. लोक हात धुवत नाहीत कारण त्यांना धोका माहीत नाही. धोका समजला की ते धुतील. ही एक स्पष्ट कारणमीमांसा आहे, आणि तिला जुनी वंशावळ आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या मानसशास्त्रज्ञांना प्रश्न पडला होता की क्षयरोगासाठी एक्स-रे काढून मिळत असताना लोक येत का नाहीत. गॉडफ्री हॉकबाम, अर्विन रोझेनस्टॉक यांच्या कामातून 'हेल्थ बिलीफ मॉडेल' उभं राहिलं: मला हा आजार होऊ शकतो का, झाला तर किती गंभीर, उपाय केल्याचा फायदा किती आणि अडथळे किती, याचा माणूस हिशेब करतो. एक्स-रे काढायला जाणं ही ठरवून, कधीतरी एकदा करायची गोष्ट आहे. तिथे असा हिशेब शक्य आहे. दिवसातून दहा वेळा, हातात दुसरं काम असताना, पोर रडत असताना हात धुवायचे की नाही हे कोणती आई तोलून-मापून ठरवते?

चौकट चांगली की वाईट यापेक्षा ती कोणत्या जातीच्या वर्तनासाठी बनली आहे, हे आधी विचारायला हवं. प्रबंधांत हा प्रश्न जवळपास कधीच विचारलेला नसतो.

नवी चौकट आणि तिने विचारायला लावलेले प्रश्न

व्हॅल कर्टिस आणि रॉबर्ट ऑन्जर या लंडनच्या दोघांनी मांडलेली चौकट तेव्हा 'इव्हो-इको' (उत्क्रांती आणि परिसर) म्हणून ओळखली जात होती. कर्टिस बाईंच्या कारकिर्दीचा मोठा भाग स्वच्छता आणि किळस या भावनेच्या अभ्यासात गेला. २०२० साली कर्करोगाने त्यांचं निधन झालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मेंदूचं वर्तनावर नियंत्रण तीन थरांत चालतं. सगळ्यांत जुना थर सवयीचा आणि प्रतिक्षिप्त क्रियांचा. त्यावर प्रेरणांचा थर: किळस, मुलाबद्दलची माया, चार लोकांत मिसळून राहण्याची ओढ, मान मिळवण्याची इच्छा, भीती, आराम वगैरे. आणि सगळ्यांत वर, सगळ्यांत नवा, योजना आखणारा विचारी थर. आरोग्यशिक्षण फक्त या तिसऱ्या थराशी बोलतं. हात धुणं मात्र बहुतांशी खालच्या दोन थरांत घडतं. शिवाय वर्तन हवेत होत नाही. जागा, वस्तू, भूमिका आणि दिनक्रम यांच्या चौकटीत होतं, म्हणून तोही भाग बघायला हवा.

ही मांडणी २००९ च्या एका आढाव्याशी जुळत होती. कर्टिस आणि सहकाऱ्यांनी अकरा देशांतल्या हात धुण्याच्या अभ्यासांचा एकत्र विचार केला होता. त्यात दिसलं की साबण आणि पाणी जवळपास प्रत्येक घरात असतंच. आजाराची भीती माणसाला हात धुवायला लावते ती फक्त पटकीसारख्या साथीच्या काळात, आणि तीही तात्पुरती. एरवी चालतात त्या प्रेरणा म्हणजे किळस, माया, आराम, आणि लोकांत शोभून दिसणं. मुलांना चांगलं वळण लावायचं म्हणूनही आया हात धुण्याकडे बघतात. शेवटचा मुद्दा पद्धतीचा होता: ज्या गोष्टी सवयीने होतात, त्यांची कारणं माणसाला विचारून कळत नाहीत, कारण ती त्याला स्वतःलाच ठाऊक नसतात.

आता बघा, यातून अभ्यासाच्या आखणीत एकामागून एक काय बदलत गेलं.

आईला 'तुम्ही हात का धुवत नाही?' हा प्रश्न विचारणंच निरर्थक ठरलं. त्याऐवजी सुरुवातीच्या पाहणीत घराघरांत रोजचा दिनक्रम कसा चालतो, साबण कुठे ठेवलेला असतो, कोणत्या गोष्टीचा लोकांना तिटकारा येतो, चांगली आई कुणाला म्हणतात, पोराचं भलं झालं म्हणजे काय झालं, हे बघणं महत्त्वाचं ठरलं. आपल्याकडच्या खेड्यातही चित्र वेगळं नाही. अंघोळीचा साबण मोरीत, धुण्याचा साबण दगडापाशी, आणि परसाकडून आल्यावर हाताला माती किंवा राख. साबण घरात नसतो असं नाही, तो त्या कामाचा मानला जात नाही.

दुसरा बदल जास्त धाडसी होता. उपक्रमातून जंतू आणि आजार हे दोन्ही विषय काढून टाकले गेले. आरोग्याच्या कार्यक्रमात आरोग्याचा शब्द नको! कोणत्याही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला हे पटवायला किती चहा लागले असते याची कल्पना करा. पण चौकट गांभीर्याने घ्यायची तर ही कापाकापी करावीच लागते. सिद्धांत सांगत असेल की भीतीने काम होत नाही, तर 'असू द्या, सोबत एक पोस्टर जुलाबाचंही' ही तडजोड सिद्धांत सोडल्यासारखीच आहे. चौकटीमुळे काय जोडलं गेलं यापेक्षा काय गाळलं गेलं, त्यावरून तिचा खरा वापर झाला की नाही हे ओळखता येतं असं मला वाटतं.

अम्मा आणि लाडू विकणारा

जे उरलं त्यातून दोन पात्रं उभी राहिली. एक सुपरअम्मा: खेड्यातलीच, साडीतली, पण पुढचा विचार करणारी आई. ती पोराला चांगल्या सवयी लावते, त्यातलीच एक साबणाने हात धुण्याची, आणि तो पोरगा मोठेपणी नाव काढतो. तिची गोष्ट ॲनिमेशनपटात दाखवली गेली. मायेची प्रेरणा इथे फार हुशारीने वापरली आहे. 'हात धुतले नाहीत तर पोर आजारी पडेल' या धमकीऐवजी 'वळण लावलंत तर पोर पुढे जाईल' हे आश्वासन. खेड्यातल्या आईच्या मनात मुलाबद्दल काय चाललेलं असतं याचा हा जास्त खरा अंदाज आहे.

दुसरं पात्र लाडू लिंगम. घाणेरड्या हातांनी लाडू वळणारा, किळसवाणा आणि म्हणूनच विनोदी. गावात नाटुकलं होत असे आणि त्यात तो लाडू वळायचा. लोक हसत असत, नाक मुरडत असत. अस्वच्छ हात आणि तोंडात जाणारं अन्न यांचा संबंध बुद्धीने समजावून सांगण्याऐवजी पोटात ढवळून दाखवायचा, हा त्यामागचा विचार. आफ्रिकेत घाना देशातल्या मोहिमेत कर्टिस यांनी आधी असंच केलं होतं: शौचालयातून बाहेर आलेल्या बाईच्या हातांवर जांभळा डाग, आणि तो डाग जिथे जिथे हात लागेल तिथे, जेवणावरसुद्धा पसरत जातो.

मग जाहीर प्रतिज्ञा. गावातल्या बायकांनी चारचौघांत उभं राहून साबणाने हात धुण्याचं वचन द्यायचं. शाळेतही कार्यक्रम झाले. इथे प्रेरणा तिसरीच: आपल्या गावात आता असंच करतात, ही भावना. मुलं शाळेतून घरी जाऊन टोकतात, बायका एकमेकींना बघतात.

या सगळ्यामागे एक साखळी आहे. आधी माणूस चकित व्हायला हवा, नाहीतर तो लक्षच देत नाही. मग त्या वर्तनाचं त्याच्या लेखी मोल बदलायला हवं. आणि मग नेमक्या जागी, नेमक्या वेळी ते वर्तन घडायला हवं. कर्टिस आणि ऑन्जर यांनी ही साखळी 'बिहेविअर सेंटर्ड डिझाइन' (वर्तन केंद्रस्थानी ठेवून केलेली आखणी) या नावाने २०१६ साली नीट मांडली, म्हणजे चित्तूरच्या प्रयोगानंतर. हे मुद्दाम सांगतो, कारण विद्यार्थ्यांना वाटतं की सिद्धांत आधी पूर्ण तयार असतो आणि मग तो गावात नेऊन लावायचा. इथे गावाने सिद्धांतालाही घडवलं.

मोजमाप

गावं निवडताना लोकसंख्या ७०० ते २००० मधली हवी होती, सरकारी प्राथमिक शाळा आणि लहान मुलांची शाळापूर्व शाळा हवी होती. अशी चौदा गावं घेतली. लोकसंख्येनुसार लहान आणि मोठी अशी विभागून, मग संगणकाच्या यादृच्छिक आकड्यांनी सात गावं मोहिमेला आणि सात तुलनेला. प्रत्येक गावात २० ते २५ घरं निरीक्षणाला. मोजणी चार वेळा: मोहिमेआधी, मग सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने.

निरीक्षकांचा मोहिमेशी काही संबंध नव्हता. त्यांना आणि घरातल्या लोकांनाही असं सांगितलं होतं की अभ्यास घरातल्या पाण्याच्या वापराचा आहे. ही अर्धी लपवाछपवी आपल्या नैतिकता समित्यांना खटकेल, आणि खटकायलाही हवी. तिचं समर्थन करावं लागतं. समर्थन असं की बघणारा माणूस घरात आला की हात आपोआप धुतले जातात. बांगलादेशात साबणाच्या वडीत यंत्र बसवून हेच तपासलं गेलं होतं. निरीक्षक घरात असताना साबण हलण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी वाढलं होतं. त्यात 'आम्ही हात धुणं बघायला आलो आहोत' असं सांगून बसलात तर मोजाल ते फक्त आदरातिथ्य.

एक बारीक गोष्ट. मोजणीत फक्त साबण धरला गेला. राख किंवा माती लावून धुतलेले हात 'नाही' या रकान्यात गेले. बांगलादेशातल्या प्रयोगांत राख आणि मातीनेही हातांवरचे विष्ठेतले जंतू बऱ्यापैकी कमी होतात असं दिसलेलं आहे. तेव्हा पुढे येणारा, मोहिमेआधीचा १-२ टक्क्यांचा आकडा वाचून 'तिथले लोक हातच धुवत नाहीत' असा अर्थ काढू नये.

आकडे, आणि ते काय सांगत नाहीत

मोहिमेआधी महत्त्वाच्या वेळी साबणाने हात धुण्याचं प्रमाण मोहिमेच्या गावांत १ टक्का आणि तुलनेच्या गावांत २ टक्के होतं. सहा आठवड्यांनी १९ आणि ४. सहा महिन्यांनी ३७ आणि ६. मग तुलनेच्या गावांतही मोहिमेची छोटी आवृत्ती केली गेली आणि वर्षाच्या मोजणीत दोन्हीकडे २९ टक्के आले.

२००९ च्या अभ्यासाशेजारी हे ठेवलं की फरक डोळ्यांत भरतो. तरी एकेक आकडा थांबून बघायला हवा.

सहा आठवड्यांच्या १९ टक्क्यांच्या सरासरीमागे गावागावांतला फरक प्रचंड होता. प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत याचं माप) २१. म्हणजे काही गावांत मोहीम धरली आणि काहींत जवळपास हललंच नाही. सहा महिन्यांनी सरासरी ३७ वर गेली आणि विचलन ७ वर आलं. मागे राहिलेली गावं पुढच्यांच्या जवळ आली असा याचा अर्थ घेता येतो. प्रचाराचा असर सहसा सुरुवातीला जास्त असतो आणि मग ओसरतो; इथे तो चढला. एकमेकींचं बघून करणं, गावाची रीत बदलणं या कल्पनेशी हे जुळतं. पण सात गावं म्हणजे सातच आकडे. एवढ्यावर रीत बदलल्याचा सिद्धांत उभा करणं मला जमणार नाही. तुलनेच्या गावांतही २ चे ४ आणि ४ चे ६ झाले, हेही विसरू नये. पुन्हा पुन्हा निरीक्षक येण्याचा थोडा परिणाम त्यात असू शकतो. ३७ शी तुलना केली तर तो किरकोळ आहे.

वर्षाअखेरीचे २९ आणि २९ सगळ्यांत फसवे. एका गटाचे २९ हे वर्षभर मुरलेले, दुसऱ्याचे नुकत्याच झालेल्या छोट्या मोहिमेनंतरचे. तुलनेला कुणी उरलंच नव्हतं. यातून व्यवहारात उपयोगी पडणारी एक गोष्ट मात्र निघते: छोट्या, म्हणून स्वस्त आवृत्तीनेही चांगली उडी मारली. ज्याला शंभर गावांत काम करायचंय त्याने हा आकडा ३७ पेक्षा जपून ठेवावा.

आता त्या भोकाकडे.

मोहीम भावनांवर आधारली होती आणि ती चालली. म्हणून भावनांचा सिद्धांत खरा ठरला का? नाही. चाचणीत एका बाजूला सगळं गाठोडं होतं: चित्रपट, नाटुकलं, प्रतिज्ञा, शाळेतले कार्यक्रम, गावात आठवणीत राहील असा गलबला. दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. गाठोड्यातली किळस उपयोगी पडली, की माया, की चारचौघांतली प्रतिज्ञा, हे या आखणीतून कळूच शकत नाही. आणि जंतूंच्या मोहिमेशी तुलना तर समोरासमोर झालेलीच नाही. २००९ ची मोहीम ज्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी होती त्यांतल्या जेमतेम ४० टक्क्यांपर्यंत पोहोचली होती. मग ती जंतूंमुळे फसली, की पोहोचलीच नाही म्हणून? तितक्याच धमाल नाटकातून, तितक्याच लोकांसमोर जंतू दाखवले असते तर? लाडू लिंगमच्या हातांवर किळसवाण्या घाणीऐवजी जंतू काढले असते तर निकाल किती वेगळा आला असता, हे कुणालाच सांगता येणार नाही.

संशोधकांनी हे लपवलेलं नाही. मोहीम मोठ्या प्रमाणावर राबवता येईल अशी आहे आणि वर्तन बदललं, एवढाच त्यांचा दावा. पण प्रयोगाचे सारांश हातोहात फिरता फिरता 'भावना चालतात, माहिती चालत नाही' असं घोषवाक्य होऊन बसलं. चौकट आखणीला उपयोगी पडली हे एक, आणि चौकट खरी आहे हे दुसरं. चित्तूरने पहिलं दाखवलं.

प्रयोगात आजाराचं मोजमाप नव्हतं, हेही इथेच सांगायला हवं. मुलांचे जुलाब कमी झाले का, हे चित्तूरचे आकडे सांगत नाहीत. त्यासाठी खूप जास्त घरं आणि जास्त काळ लागला असता.

गुजरात, आणि आपल्याकडे

हीच चौकट पुढे गुजरातच्या खेड्यांत शौचालयाच्या वापरासाठी वापरली गेली. मोहिमेचं नाव 'फाइव्ह स्टार टॉयलेट'. तिथे फरक छोटा निघाला. कारणांत एक उघड आहे: स्वच्छ भारत अभियानाच्या त्या काळात तुलनेच्या गावांतही शौचालय वापरण्याचा धडाका चालू होता, आणि वापर आधीच बराच होता. १ टक्क्यावरून वर जाणं आणि आधीच बऱ्याच उंचीवरून आणखी वर जाणं ही दोन वेगळी कामं आहेत. चौकट तीच, पण ज्या जमिनीवर ती टेकवायची ती बदलली होती.

महाराष्ट्रात २००० साली सुरू झालेलं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान या नजरेने पुन्हा वाचण्यासारखं आहे. ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या काळातलं. कुणी सिद्धांत उद्धृत केला नव्हता, पण गावागावांतली चढाओढ, बक्षीस, तपासणीला येणारी समिती, गावकऱ्यांचं श्रमदान, हे सगळं मान आणि आपलेपणा या दोन प्रेरणांवर उभं होतं. चौकट हातात असती तर तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला असता: समिती गेल्यानंतरच्या सोमवारी झाडू कुणाच्या हातात आहे, आणि त्याला तो उचलायला काय लावतंय? अभियानाच्या यशाबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं. या सोमवारबद्दल फार कमी.

ज्यांना मेळघाटात किंवा गोवंडीच्या चाळींत असा उपक्रम करायचा आहे त्यांच्याशी बोलताना मला एकच काळजी वाटते. सुपरअम्माचा चित्रपट मराठीत भाषांतर करून लावण्याचा मोह. गोवंडीत पाण्याच्या वेळा ठरलेल्या, शौचालय सार्वजनिक, साबण तिथे ठेवला तर संध्याकाळपर्यंत टिकत नाही. हात धुण्याचा क्षण आणि साबणाची जागा यांच्यात एक गल्ली आणि दोन जिने. तिथे अडचण प्रेरणेची आहे की वस्तू आणि जागेची, हे आधी बसून बघावं लागेल, आणि जागेची निघाली तर चित्रपटाचा पैसा दोरीला बांधलेल्या साबणावर गेलेला बरा. चौकटीत 'जागा, वस्तू, दिनक्रम' हे रकाने आहेतच. चित्तूरच्या गोष्टीत प्रेरणांचा भाग जास्त रंगतदार असल्यामुळे वाचणारे ते विसरतात.

आणि चित्तूरमध्येही ते रकाने अर्धेच भरले गेले असावेत. सगळ्यांत चांगल्या मोजणीतही १०० पैकी ६३ वेळा साबण हाताला लागला नाही. या ६३ वेळा काय चाललं होतं, साबण कुठे होता, हातात काय होतं, कोण हाक मारत होतं, हे निरीक्षकांच्या नोंदींत कदाचित सापडेल. पुढचा अभ्यास मी तिथून सुरू केला असता, आणि तो तीन गटांचा ठेवला असता: एकात भावनांची मोहीम, दुसऱ्यात तितकीच रंगतदार जंतूंची मोहीम, तिसऱ्यात नाटक-सिनेमा काही नाही, फक्त साबण आणि पाणी हात धुण्याच्या जागी आणून ठेवलेलं. यासाठी चौदा गावं पुरणार नाहीत, पैसे देणाऱ्यांना जंतूंच्या गटावर खर्च का करायचा हे पटवावं लागेल, आणि तिसऱ्या गटात साबण पळवला जाणार हे गृहीत धरून महिन्याच्या हिशेबात तो धरावा लागेल.